तारीख खंय गेली? पाकिटावर छपाई शिकतानाचा माझा अनुभव

गणपतीच्या आदल्या आठवड्यात दादरच्या एका दुकानातून आमचं खोकं परत आलं. आत मालवणी मसाल्याची ६० पाकिटं. एकही फाटलेलं नाही, एकाचंही सील सुटलेलं नाही. वर चिकटवलेल्या चिठ्ठीत एवढंच : 'तारीख दिसत नाही, विकता येणार नाही.' मी एक पाकीट उजेडात धरलं. जिथे शिक्का मारला होता तिथे जांभळट ढग पसरला होता. सासूबाईंनी चष्मा लावला, पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगो, तारीख खंय गेली? पावसान खाल्ल्यान काय?"

पावसाने नव्हे, तेलाने खाल्ली होती. पण हे कळायला मला पुढचं वर्ष लागलं.

आमचं काम छोटं आहे. कुडाळपासून थोडं आत, घरामागच्या पडवीत मी, जाऊबाई आणि वाडीतल्या दोघी मिळून मसाला, कुळथाचं पीठ, आंब्याचं साठं आणि कोकमाचं आगळ पॅक करतो. पाकिटं छापून कोल्हापूरहून येतात. छापून घ्यायची तर हजारोंनी घ्यावी लागतात, म्हणून त्यांच्यावर न बदलणाऱ्याच गोष्टी असतात : नाव, पत्ता, घटक, निव्वळ वजन, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ आकडी परवाना क्रमांक. बॅच नंबर, तारखा आणि किंमत यांच्यासाठी मागे एक पांढरी चौकट मोकळी ठेवलेली असते. मिरचीचा भाव दर हंगामाला उडी मारतो, त्यामुळे किंमत आधी छापून ठेवण्यात अर्थ नाही. ती पांढरी चौकट भरायची जबाबदारी आपली. मला वाटलं होतं, त्यात काय मोठंसं.

सुरुवात स्टेशनरीच्या दुकानातल्या फिरत्या तारखेच्या शिक्क्याने केली. ऑफिसात कागदावर मारतात तोच. मारल्यावर छान दिसायचा, दहा मिनिटांनी बोट फिरवलं तरी पुसायचा नाही, म्हणून मी निर्धास्त होते. खोकं परत आल्यावर मात्र ज्याला-त्याला विचारत सुटले. कोल्हापूरच्या पाकीटवाल्याने फोनवर हसून सांगितलं, "वहिनी, कागदावर शाई मुरते. प्लॅस्टिकवर ती नुसती बसलेली असते." साध्या शिक्क्याच्या शाईला प्लॅस्टिकमध्ये शिरायला जागाच नसते. त्यात भाजलेल्या मसाल्याचं तेल भरणाऱ्यांच्या हाताला, हातांचं पाकिटाला, आणि मग एसटीच्या टपावर रात्रभर पाकिटावर पाकीट घासत मुंबईपर्यंत. शाई टिकली असती तरच नवल.

मग मार्कर आणला. एका दुपारी जाऊबाईंनी ४०० पाकिटांवर हाताने तारखा घातल्या. त्यांचा सात आणि एक सारखाच दिसतो हे लग्नाला बारा वर्षं होऊनही मला ठाऊक नव्हतं. शिवाय तेलकट अंगठा जरा जोरात फिरला की मार्करही जातो. नंतर किमतीचे स्टिकर मारायची बंदूक आणली. ती पिठाच्या पाकिटांवर चालली, पण मसाल्याच्या पाकिटावर बारीक धूळ असायची आणि जुलैच्या दमट हवेत स्टिकर कोपऱ्यातून उचलायचे. भाच्याने मग त्याच्या दुकानातल्या बिलाच्या मशीनवर लेबलं काढून दिली. ती दिसायला सर्वांत सुबक. पण तो कागद उष्णतेवर चालणारा. मालवणच्या एका टपरीवर काचेमागे उन्हात ठेवलेल्या पाकिटांवरची अक्षरं मे महिना संपेपर्यंत फिकट होऊन गेली.

याच दरम्यान एका प्रशिक्षणाला गेले. दोन दिवसांचं होतं. पहिला दिवस भाषणांत गेला, दुसऱ्या दिवशी मात्र वैधमापनातून, म्हणजे वजनमापं आणि पाकिटांवरची माहिती तपासणाऱ्या सरकारी खात्यातून, निवृत्त झालेले एक गृहस्थ आले आणि त्यांनी प्रत्येकाचं पाकीट हातात घेऊन चुका काढल्या. माझ्या पाकिटावर चार निघाल्या. मी मोठ्या अभिमानाने सगळं मराठीत छापलं होतं. मराठी हवं तेवढं छापा, म्हणाले, पण आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असायलाच हवी. मी 'बेस्ट बिफोर सहा महिने' लिहून मोकळी झाले होते. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनुसार पॅकिंगची तारीख आणि 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी', दोन्ही लागतात. बेस्ट बिफोर हवं तर जादा लिहा. तिसरी चूक, कमाल किमतीसोबत एककाची किंमत नव्हती. २०० ग्रॅमचं पाकीट १८० रुपयांना असेल तर ९० पैसे प्रति ग्रॅम, हेही छापायचं. आणि चौथी ऐकून मी मान खाली घातली. मिरची महागली तेव्हा मी जुन्या किमतीवर नव्या किमतीचा स्टिकर डकवला होता. तसं करता येत नाही. किंमत कमी करायची असेल तर स्टिकर चालतो, तोही जुनी किंमत न झाकता.

म्हणजे मला हवं होतं असं काहीतरी, की जे चार-पाच ओळी बारीक पण स्पष्ट छापेल, रोज बदलता येईल आणि तेलाला भीक घालणार नाही. मोठ्या कारखान्यांत पट्ट्यावरून पळणाऱ्या बाटल्यांवर शाईचे थेंब उडवणारी यंत्रं असतात, त्यांची किंमत ऐकूनच मी फोन ठेवला. शेवटी हातात धरायचा प्रिंटर घेतला, २२ हजारांना. इस्त्रीसारखा धरायचा, पाकिटावरून सरकवायचा, की अर्ध्या इंचाच्या पट्टीत अक्षरं उमटतात. आत शाईचं काडतूस असतं. त्याच्या तोंडाशी डोळ्यांना न दिसणारी भोकं, शाई क्षणभर तापते आणि थेंब बाहेर फेकला जातो.

पहिल्या दिवशी ५० पाकिटं छापली. सुंदर! चहा पिऊन आलो, तरी ओली. जेवून आलो, तरी ओली. संध्याकाळी जाऊबाईंच्या साडीच्या पदरावर आमचा बॅच नंबर उलटा उमटलेला. विकणाऱ्याला फोन केला तेव्हा त्याने सहज सांगितलं की यंत्रासोबत आलेलं काडतूस पाण्याच्या शाईचं असतं, पुठ्ठ्याच्या खोक्यासाठी. प्लॅस्टिकला सॉल्व्हंटची, म्हणजे पाण्याऐवजी झटकन उडून जाणाऱ्या द्रवात केलेली शाई लागते. ती वेगळी घ्यायची आणि बरीच महाग. यंत्र कशासाठी हवंय हे मी घेताना तीनदा सांगितलं होतं. असो.

सॉल्व्हंटची शाई काही सेकंदांत वाळते. पण जी पाकिटावर लवकर वाळते ती काडतुसाच्या तोंडावरही लवकर वाळते. मध्ये फोन आला, कोणी दारात आलं, की पुढच्या छपाईत अक्षरांच्या मधून पांढऱ्या रेघा. आता आमच्याकडे नियम आहे : हात थांबला की टोपण. रेघा आल्याच तर सूत न सुटणाऱ्या कापडाने एकदा एकाच दिशेने पुसायचं, घासायचं नाही. पाकीट आणि यंत्र यांत दोन-तीन मिलिमीटरच अंतर हवं. जास्त झालं की अक्षरांना पिसं फुटतात. खाली आम्ही जुन्या दरवाजाची एक गुळगुळीत फळी ठेवलीय, पाकीट त्यावर ताणून धरायचं.

तरी कुळथाच्या पिठाची पाकिटं दाद देईनात. ती साधी पातळ प्लॅस्टिकची, छपाई नखाने सुटायची. मसाल्याच्या पाकिटाचा बाहेरचा थर पॉलिस्टरचा, त्यावर शाई धरते. साधं पॉलिथीन शाईला जवळच करत नाही. कारखान्यात त्यावर विजेची प्रक्रिया करून घ्यावी लागते, तिला कोरोना ट्रीटमेंट म्हणतात (हे नाव ऐकून सासूबाई दचकल्या होत्या). आता पाकिटं मागवताना 'ट्रीटमेंट केलेली' असं लिहून देते, आणि गठ्ठा आला की आधी एकावर छापून, वाळवून, सेलोटेप दाबून फर्रकन ओढते. टेपवर अक्षरं आली तर गठ्ठा परत.

पण सगळ्यात मोठा फरक पडला तो क्रम बदलल्यामुळे. आम्ही भरून, सील करून, शेवटी छापत होतो. तोवर पाकिटाला तेल लागलेलं, फुगीर झालेलं. आता कोरी, सपाट, सुकी पाकिटं आधी छापतो, मग भरतो. सीलची पट्टी येते तिथे छापायचं नाही, नाहीतर उष्णतेने अक्षरं फेगडतात. याचा एक तोटा लगेच दिसला. २०० पाकिटं छापून ठेवली आणि दुपारी लाईट गेली ती रात्री आली. सीलिंग मशीन बंद, १३० पाकिटं आजच्या तारखेची रिकामी. दुसऱ्या दिवशी वाडीतली एक जण त्यांतच नव्याने भाजलेला मसाला भरायला लागली होती, मी पाहिलं म्हणून बरं. तेव्हापासून एका वेळी ५०च छापायची, उरली तर कोपरा कापून टाकायची, आणि वहीत लिहायचं : छापली किती, भरली किती, कापली किती.

बॅच नंबर म्हणजे काय हे मी बायकांना 'घाणा' म्हणूनच समजावलं. एकदा भाजलेला मसाला तो एक घाणा, त्याला एक नंबर. साठाच्या बाबतीत एका दिवशी उन्हात घातलेली ताटं ती एक बॅच. त्याचा उपयोग काय, हे गेल्या वर्षी कळलं. डोंबिवलीहून फोन आला, साठाला बुरशी. मी पाकिटावरचा नंबर वाचून घेतला, वही उघडली. मेच्या शेवटी अवकाळीची एक सर आली होती, त्या दिवशीची ताटं. एकूण ३८ पाकिटं. जिथे-जिथे गेली तिथे फोन करून परत मागवली. नंबर नसता तर हंगामाचा सगळाच माल मागवावा लागला असता, नाहीतर गप्प बसावं लागलं असतं, आणि माझ्याने गप्प बसवलं नसतं.

घोटाळे संपले असं नाही. एकदा प्रिंटरची बॅटरी पूर्ण उतरली आणि चालू केल्यावर त्याचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं. यंत्र पॅकिंगची तारीख स्वतःच घेतं आणि मुदतही स्वतःच मोजतं. त्यामुळे आम्ही ताजा मसाला मुदत संपलेला म्हणून छापत होतो. २० पाकिटांनंतर सासूबाईंच्या लक्षात आलं. आता सकाळचं पहिलं पाकीट त्यांच्या हातात जातं. त्या ते दाराशी नेऊन वाचतात. "माका चष्म्याबगर वाचूक येता, म्हणजे बरां आसा," असं म्हणाल्या की पुढची छापायची. ते पहिलं पाकीट वहीत चिकटवून ठेवते.

आगळाच्या बाटल्यांचं अजून जमलेलं नाही. बाटली गोल, यंत्र सरळ, आणि झाकणाखालून ओघळलेला खारट आंबट थेंब सगळीकडे. सध्या शाईच्या रिबिनीने छापलेली लेबलं कोल्हापूरहून करून आणते. या पावसाळ्यात दरड पडून घाट बंद झाला, तेव्हा आठ दिवस बाटल्या भरून तशाच उभ्या होत्या. भाचा म्हणतो, बाटली फिरवणारी चार चाकांची घोडी तो लाकडात करून देईल. दिवाळीच्या सुट्टीत येणार आहे.