दोन बोटांच्या नाण्यावरचा तडा, आणि इतर जमाखर्च

टांकसाळीत चुकलेली नाणी मी जमवतो, पण आधीच सांगून टाकतो, या खेपेला ऑफ-सेंटर (छाप मध्यापासून सरकलेलं) नाही, लाखी (एकाच बाजूची छाप दुसऱ्या बाजूवर उलटी उमटलेलं) नाही, चार जणांत दाखवून भाव खावा असं काहीच नाही. पण २००८ च्या दोन रुपयांचं काम बरंच पुढे सरकलंय.

नाणं तुमच्या ओळखीचं आहे, दोन बोटांच्या हस्तमुद्रेचं, स्टीलचं, २७ मिमी, ५.६२ ग्रॅम. माझ्याकडच्या एका नगावर काठापासून बोटाच्या टोकाकडे जाणारी बारीक रेघ होती. दहापटीच्या भिंगाखाली ती उठलेली दिसते. तिथेच चरा आणि डायचा, म्हणजे नाण्यावर छाप उमटवणाऱ्या ठशाचा, तडा यांतला फरक ठरतो. चरा नाण्यात खोल जातो. तड्याची रेघ मात्र वर येते, कारण ठोक्यासरशी धातू डायच्या फटीत शिरतो. एवढ्यावर समाधान मानून मी ते नाणं पाकिटात घालून ठेवलं असतं, पण दोनाच्या आकड्याच्या शेपटीखाली एक चिमुकला फुगवटा होता. डायचा तेवढाच टवका उडालेला असणार. मग तोच फुगवटा असलेली, म्हणजे त्याच डायची, आणखी नाणी शोधायचं वेड लागलं.

सापडली. पहिल्या अवस्थेत फुगवटा आहे, तडा नाही. दुसरीत तडा काठापासून निघून मोकळ्या जागेतच थांबतो. तिसरीत तो बोटाला टेकतो आणि मध्येच त्याला फाटा फुटतो. चौथीत तडा आणि काठ यांच्यामधला भाग किंचित वर उचललेला दिसतो, म्हणजे डायचा तो तुकडा खचायला लागलाय. ही चारही नाणी सारख्या उजेडात, दिवा डावीकडून आडवा धरून, मोबाइलला भिंग लावून टिपली आहेत. सरळ वरून उजेड टाकलात तर स्टीलच्या चकाकीत दुसऱ्या अवस्थेतला तडा दिसतच नाही.

यातली गंमत अशी की पहिल्या अवस्थेचं नाणं सगळ्यांत जास्त झिजलंय आणि चौथं जवळपास कोरं आहे. नाण्याची झीज गल्ल्यात आणि खिशात होते, डायचं वय टांकसाळीत वाढतं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. क्रम लावताना फक्त तडा बघायचा.

माल कुठून येतो, असं विचारणाऱ्यांसाठी: बहुतेक ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून. तिथल्या एका किराणा दुकानातले काका संध्याकाळी गल्ला मोजताना मला समोर उभं राहू देतात. नोट देऊन सुट्टे घ्यायचे, दुकानाबाहेर चाळायचे, उरलेले दुसऱ्या दिवशी परत. 'अहो, दोनाचे दोनच मिळणार, एवढं काय बघताय?' हा त्यांचा रोजचा प्रश्न. पण क्यूआर कोड आल्यापासून गल्ल्यात नाणी कमी झालीत हे खरं. पूर्वी पिशवीभर मिळायची, आता ओंजळभर. माझ्या हाती येणाऱ्या नाण्यांत सालाखाली टांकसाळीची खूण म्हणून मुंबईचा (पत्त्यांतला) चौकटच जास्त असतो. हैदराबादचा तारा आणि नॉयडाचा ठिपका त्यामानाने कमी.

आता दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्याबद्दल, बाहेर कडं आणि मध्ये चकती असलेल्या. ठाण्यातल्या एका ओळखीच्या संग्राहकाला कुणीतरी 'फिरलेल्या मध्याचं' नाणं हजारोंना देऊ केलं. कड्यावरचं 'भारत' सरळ आणि मधले सिंह तिरपे. त्या संग्राहकाने मला फोटो पाठवला, मी म्हटलं सोडून दे. कोरं कडं आणि कोरी चकती एकत्रच डायखाली जातात, एकाच ठोक्यात जुळतात आणि त्याच ठोक्यात दोन्हींवर छाप उमटते. त्या एका डायवर सिंह आणि 'भारत' यांची जागा पक्की असते. मग ठोक्यात एकच कसं फिरेल? चकती मागाहून ठोकून काढली आणि फिरवून बसवली की असं नाणं तयार होतं. सांध्याकडे नीट बघा, हत्याराच्या खुणा बहुधा असतात. उलट चकती मध्यापासून सरकलेली असेल आणि छाप मात्र दोन्ही धातूंवरून अखंड गेलेली असेल, तर ते टांकसाळीचंच काम, आणि त्याला जरूर पैसे मोजा. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये इशारा दिला होता. तरी वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो मिळतील म्हणणारे व्हिडिओ काही थांबत नाहीत.

रोटेशनमध्ये, म्हणजे दोन बाजूंच्या छापा एकमेकींच्या मानाने फिरलेल्या नाण्यांत, थोडी भर. पाच रुपयांचं जुनं, जाड कुप्रोनिकेल नाणं, साधारण चाळीस अंश. आपली नाणी पुस्तकाचं पान उलटावं तशी फिरवली की मागची बाजूही सरळच यायला हवी, म्हणून हे पटकन कळतं. पंधरा अंशांच्या आतलं मी हल्ली ठेवत नाही, जागा नाही. मशीन डबलिंगची, म्हणजे ठोक्याच्या वेळी अक्षरं दुहेरी झालेली, नाणीही सगळी परत गल्ल्यात गेली. अक्षराच्या कडेला सपाट पायरी दिसली की समजायचं, ठोका बसताना डाय सैल होती. ती व्हरायटी, म्हणजे डायवरच कोरलेला फरक, नव्हे.

एक मोह मात्र बाकी आहे: व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा रुपया. मुंबईच्या टांकसाळीने पुढची कित्येक वर्षं तेच साल कायम ठेवलं आणि खरं वर्ष ठिपक्यांनी दाखवलं. म्हणजे एकाच सालाच्या रुपयांत ठिपके मोजत बसण्याची सोय सरकारनेच करून ठेवलीय. वाशीच्या एका मित्राकडे त्यांचा अख्खा ट्रे आहे. तो बघून आलो आणि चांदीचा भाव आठवून गप्प बसलो.

दोन रुपयांची पाचवी अवस्था मला हवी आहे. तुकडा पूर्ण पडून काठाला बिनछापाचा गोळा आलेलं नाणं, ज्याला इंग्रजीत 'कड' (cud) म्हणतात. कुणाकडे असेल तर आधी फुगवटा तपासा, शेपटीखाली, किंचित उजवीकडे. मग नाणं उलटून गोळ्याच्या बरोबर मागची जागा बघा. तिथे छाप फिकी हवी, कारण धातू पोकळीत गेल्यामुळे त्या बाजूला दाब कमी पडतो. मागची छाप ठसठशीत असेल तर शंका घ्या. बदल्यात तिसऱ्या अवस्थेचा जादा नग देईन, आणि तो चाळीस अंशांचा पाचही, मन घट्ट करून.