पालवी फुटली म्हणून हुरळून गेले, तिथेच चुकलं

सेलूला माहेरच्या अंगणात जुना गावरान गुलाब होता. तिथे खोली बांधायची ठरली तेव्हा आई म्हणाली, "दिवाळीनंतर फांद्या घेऊन जा गं, थंडीत लागतील." परभणीला आणून बारा फांद्या कुंड्यांत लावल्या. झेंडू, झिनिया त्याच आठवड्यात पेरले, ते उगवलेही. त्यांचं काही अवघड नाही.

पंधरा दिवसांत गुलाबाच्या फांद्यांना लालसर कोंब फुटले. रोपवाटिकेत विचारलं तर उत्तर मिळालं, "पालवी फुटली ना, मग जगली." मी रोज पाणी घालत राहिले. महिन्याभरात पानं माना टाकू लागली. एक फांदी उपटली, तर खालचं टोक काळं, बुळबुळीत आणि मुळाचा पत्ता नाही. बाराच्या बारा गेल्या. त्या उत्तराचा राग अजून येतो. फांदीत साठलेल्या अन्नावरच कोंब फुटतात, मुळांना त्याहून जास्त वेळ लागतो, एवढं कुणी सांगितलं असतं तरी पुरे होतं. त्यात आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणजे कुजायला निमित्तच.

नशिबाने घराचं काम वर्षभर लांबलं. पुढच्या कार्तिकात पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर नऊ फांद्या आणल्या. डोळ्याच्या, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्या गाठीच्या, लगेच खाली तिरपा काप घेतला, खालची पानं काढली. माती घेतलीच नाही, निम्मी वाळू आणि निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. खत अजिबात नाही. पाण्याच्या पारदर्शक बाटल्या कापल्या, तळाला भोकं पाडली आणि बाहेरून गोणपाट गुंडाळलं. वरचा थर सुकला तरच पाणी. कोवळं ऊन सकाळचंच.

कोंब आले, पण यंदा हात लावला नाही. सत्तेचाळिसाव्या दिवशी गोणपाट सरकवलं तर बाटलीला चिकटून दोऱ्यासारखं पांढरं मूळ! मी तिथेच खाली बसले.

हो, झेंडू-झिनियाच्या बियांचं सांगितलं, पण पेटुनिया या फुलझाडाचं राहिलंच. त्याचं बी धुळीइतकं बारीक असतं, त्यावर माती टाकू नका, त्याला उजेड लागतो. पाणी फवाऱ्यानेच. आणि गुलाबाची कलमं मोठ्या कुंडीत हलवायची ती होळीच्या आत, नंतरचं आपल्याकडचं ऊन कोवळ्या मुळांना सोसत नाही.

नवांपैकी पाच जगली. एक सेलूला परत नेलं. आईने फाटकाजवळ आळं करून ठेवलं होतं.