चार नंबरवरच चालणारा ब्लोअर

बेळगावात गाडीला एसी कशाला पाहिजे, असं म्हणणारी माणसं आमच्याकडं अजून आहेत आणि एप्रिल-मे सोडला तर ते काय अगदीच चुकीचं नाही. खरं एसी वेगळा आणि ब्लोअर, म्हणजे डॅशबोर्डच्या आतला हवा फेकणारा पंखा, वेगळा. जून लागला की जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटात शिरल्यावर बाहेर धुकं, आत चार माणसांचा श्वास, आणि काच अशी पांढरी होतीय की पुढच्या ट्रकनं ब्रेक मारल्याशिवाय तो दिसतच नाही. एका हातात स्टेअरिंग आणि दुसऱ्या हातात फडकं घेऊन आंबोली उतरणारे लोक मी बघितलेत, ते काय खरं नव्हे. त्यामुळं पावसाळ्याच्या तोंडावर ब्लोअर बंद पडला तर ‘बघू नंतर’ म्हणून चालत नाही.

आमची गाडी केए-22 पासिंगची, वीस वर्षं होत आली तिला, फिरवायच्या नॉबचा साधा एसी आहे. ब्लोअर एक, दोन, तीनवर गप्प आणि चारवर टाकला की वादळ. जुन्या गाड्यांत ही तक्रार इतकी कॉमन आहे की फोनवर सांगितलं तरी इलेक्ट्रिशियन लोक ओळखतात.

यामागचं कारण सोपं आहे. मोटर बारा व्होल्टची, आणि तिचा स्पीड कमी करायला मध्ये रेझिस्टन्सच्या गुंडाळ्या असतात. एकवर करंट सगळ्या गुंडाळ्यांतनं फिरून जातोय, दोनवर त्यापेक्षा कमी, तीनवर आणखी कमी, आणि चारवर रेझिस्टन्स बाजूला टाकून थेट मोटरला. म्हणजे चारवर चालतोय याचा अर्थ मोटर जिवंत, फ्यूज बरा, अर्थिंगची वायर पण बरी, शोधायचं राहिलं ते रेझिस्टन्स, त्याचा कपलर (वायरी जोडायचा प्लॅस्टिकचा सॉकेट) आणि नॉबच्या मागचा स्विच एवढंच. नुसता एक नंबरच गेला असेल तर एखादी गुंडाळी तुटलेली असतीय, तिन्ही एकदम गेले तर बहुतेक वेळा रेझिस्टन्सच्याच पट्टीवर बसवलेला थर्मल फ्यूज (जास्त तापला की तुटणारा) उडालेला असतोय. (ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलवाल्या गाड्यांत या गुंडाळ्याच नसतात, तिथं ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल असतंय, त्यांनी हे सगळं जसंच्या तसं लावू नये.)

पहिल्यांदा जिथं दाखवली तिथल्या माणसानं ग्लोव्हबॉक्स खाली पाडला, टॉर्च मारला आणि म्हणाला, “रेझिस्टन्स गेलाय बघा साहेब. नवीन कशाला घालताय, डायरेक्ट करून देऊ काय? दहा मिनिटांचं काम.”

डायरेक्ट म्हणजे थर्मल फ्यूजच्या दोन टोकांवर वायरचा तुकडा सोल्डर करणे. लागतोय की ब्लोअर, का नाही लागणार! खरं तो फ्यूज तिथं उगाच बसवलेला नाही, गुंडाळ्या मर्यादेबाहेर तापल्या तर डॅशबोर्डमधल्या प्लॅस्टिकला आग लागायच्या आधी त्यानं मरायचं असतंय, आणि आपण त्यालाच बाजूला करायचं म्हणजे वॉचमनला सुट्टी देऊन दार उघडं टाकल्यासारखं झालं. मी म्हटलं, “अण्णा राहू दे, मी उद्यमबागेतल्या मित्राकडं बघून घेतो.” त्याला राग आला नाही, चहा मात्र सांगितला.

मित्राचं म्हणणं एकच, रेझिस्टन्स आपोआप जळत नसतोय, त्याला कोण जाळतंय ते आधी बघ. मला वाटतं या सगळ्या भानगडीत हीच गोष्ट लोक विसरतात, नवीन पार्ट घालतात, तो सहा महिन्यांत परत जातोय, मग पार्टच्या नावानं बोंब मारतात.

तर ग्लोव्हबॉक्सच्या मागं, पायाच्या बाजूला रेझिस्टन्स दोन स्क्रूवर बसलेला. कपलर ओढला तर एका पिनच्या बाजूचं पांढरं प्लॅस्टिक चहासारखं तपकिरी होऊन वितळलेलं, आतलं टर्मिनल काळं आणि बोटानं हलतंय. हे दिसलं की तिथंच थांबून विचार करायचा, कारण एवढं तापायला करंट जास्त पाहिजे, नाहीतर कॉन्टॅक्ट सैल पाहिजे. मल्टिमीटर लावला, तर जिथं रेझिस्टन्स दोन-तीन ओहमच्या आत यायला पाहिजे तिथं मीटर काहीच दाखवेना. म्हणजे थर्मल फ्यूज उडालेला, हे पक्कं.

आता मोटर किती ओढतीय ते. इथं एक सांगतो, मल्टिमीटरच्या दहा अँपिअरच्या भोकात वायर घालून मोजायला जाऊ नका, चारवर ब्लोअर त्यापेक्षा जास्त ओढू शकतोय आणि मीटरचा फ्यूज जातोय. क्लॅम्प मीटर (वायरला नुसता चिमटा लावून करंट मोजणारा) घ्या, तो पण बॅटरीचा डीसी करंट मोजणारा, घरच्या वायरिंगवाल्यांकडं असतोय तो बहुतेक फक्त एसी करंटचा असतोय आणि बॅटरीच्या वायरवर शून्य दाखवतोय. मित्राकडं डीसीवाला होता. चारवर आकडा 21 अँपिअरच्या आसपास, आणि मोटर बंद केल्यावर पंखा सावकाश फिरत थांबायचा सोडून झटक्यात थांबला. जड झालेली मोटर असंच करतीय.

मोटर खाली काढली आणि गंमत दिसली. पंख्याच्या पिंजऱ्यात जांभळाची वाळलेली पानं, काळी माती, आणि उंदरानं आणून ठेवलेला सीटचा स्पंज. आमच्या गाडीत केबिन फिल्टर नाहीच, टिळकवाडीत झाडाखाली पार्किंग, वायपरच्या खालच्या जाळीतनं पडलेला कचरा सरळ आत. यात दुहेरी मार आहे बघा, कचऱ्यानं मोटर जड होऊन करंट वाढतोय, आणि रेझिस्टन्स ज्या हवेच्या झोतात गार व्हायला ठेवलेला असतोय ती हवाच कमी होतीय. मग तो जळणार नाही तर काय.

पिंजरा ब्रशनं साफ केला, कार्बनची काळी पूड उडवली, मोटरच्या आतले कार्बन ब्रश अजून बऱ्यापैकी लांब होते म्हणून तसेच ठेवले. शाफ्ट ज्यात फिरतोय त्या बुशवर पातळ ऑइलचे एक-दोन थेंब, जास्त नाही, जास्त झालं की उडून कम्युटेटरवर (कार्बन ब्रश टेकतात त्या तांब्याच्या रिंगवर) जातंय. ग्रीस तर अजिबात नको. परत जोडून मोजलं तर 14. त्यानंतरच नवीन रेझिस्टन्स घातला, वितळलेला कपलर कापून नवीन टर्मिनल दाबून घेतली. नुसता रेझिस्टन्स बदलून तो जुना जळका कपलर परत लावणारे पण आहेत, तिथं कॉन्टॅक्ट सैल राहतोय आणि तीच पिन परत तापतीय.

आता चारी नंबर लागतात. आठवड्यातनं एकदा बॉनेट उघडून वायपरच्या खालची पानं हातानं काढतो, आणि घाटात हवा बाहेरनं घ्यायच्या मोडवर ठेवून एसी लावतो, एसीनं हवा कोरडी होतीय म्हणून काच पटकन साफ होतीय, थंडी वाजली तर तापमानाचा नॉब थोडा गरमकडं. नॉबच्या मागचा बारका दिवा अजून लागत नाही, त्यासाठी पुढचं सगळं पॅनल खोलायला लागतंय, ते दिवाळीनंतर बघू.