फायली होत्या, नावं नव्हती

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा तिथल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर तळमजल्यावर होता. पाणी ओसरल्यावर मला बोलावणं आलं. कर्जाची सगळी कागदपत्रं, म्हणजे अर्ज, जामीनदारांची हमीपत्रं, सातबारा उतारे, स्कॅन करून अल्फ्रेस्को या कागदपत्रं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेली होती. सर्व्हरच्या आत गाळ भरला होता. त्याच्याकडून काही आशा नव्हती. व्यवस्थापक मात्र निर्धास्त होते. "बॅकअप आहे की," म्हणाले. आवक-जावक सांभाळणारे काका दर शुक्रवारी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेत आणि डिस्क मिरजेला घरी नेत. शेवटची प्रत २ ऑगस्टची. इतक्या नेमानं बॅकअप घेणारा माणूस मोठ्या कंपन्यांतही सहज सापडत नाही.

डिस्क जोडली. आत कंटेंटस्टोअर नावाचा फोल्डर. त्यात वर्षाचा, मग महिन्याचा, दिवसाचा, तासाचा, मिनिटाचा असे एकात एक फोल्डर, आणि सगळ्यात आत आकडे-अक्षरांची लांबलचक नावं असलेल्या 'बिन' फायली. व्यवस्थापक माझ्या मागे उभे राहून बघत होते. "यातली कुठली कुणाची?" त्यांनी विचारलं.

अल्फ्रेस्को कागदाची फाईल डिस्कवर ठेवतं, पण तिचं मूळ नाव, ती कुठल्या फोल्डरात दिसायची, कर्ज खाते क्रमांक, कुणाला बघायची परवानगी, आधीच्या आवृत्त्या, हे सगळं डेटाबेसमध्ये असतं. इथे तो पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस होता आणि सर्व्हरसोबत बुडाला होता. काकांना डेटाबेसबद्दल कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सिस्टम बसवून देणाऱ्यांनी "फायली या फोल्डरात असतात" एवढंच दाखवलं होतं. त्यांनी दाखवलं ते काकांनी चोख केलं, म्हणून दोष त्यांच्याकडे जाऊच शकत नाही.

डेटाबेसची प्रत दुसरीकडे कुठे गेली असेल का, म्हणून मी खोदून खोदून विचारत राहिलो. शेवटी व्यवस्थापकांना आठवलं, मार्चअखेरच्या तपासणीसाठी ऑडिटरनी डंप, म्हणजे डेटाबेसची एका फाईलीत उतरवलेली प्रत, मागितला होता. वरच्या मजल्यावरच्या कपाटात पेन ड्राइव्ह सापडला. डंप एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला.

डेटाबेस एप्रिलचा आणि फायली ऑगस्टच्या, तर मेळ बसेल का, अशी शंका व्यवस्थापकांना आली. पण या बाजूनं तो बसतो. अल्फ्रेस्को एकदा लिहिलेली फाईल बदलत नाही. कागदाची नवी आवृत्ती आली की नवी बिन फाईल तयार होते. त्यामुळे जुना डेटाबेस ज्या फायलींकडे बोट दाखवतो, त्या नंतरच्या प्रतीत बहुतेक सापडतातच. नंतर आलेल्या फायली डेटाबेसला अनोळखी राहतात, एवढंच. उलटं असतं, म्हणजे फायली जुन्या आणि डेटाबेस नवा, तर नावं दिसली असती आणि उघडायला गेलं की आत काहीच नसतं. म्हणूनच चालू सिस्टमचा बॅकअप घेताना डेटाबेस आधी आणि फायली नंतर. हा क्रम चुकवलेले बॅकअप मी बरेच पाहिलेत, आणि ते रोज रात्री 'यशस्वी' असा मेल पाठवत असतात.

दुसऱ्या मशीनवर अल्फ्रेस्कोची तीच आवृत्ती बसवली, डंप चढवला, कंटेंटस्टोअर जागेवर ठेवला. एप्रिलपर्यंतची प्रकरणं नावासकट उघडली. शोधासाठीचा सोलर इंडेक्स नव्यानं बांधायला रात्र गेली. पण तो डेटाबेस आणि फायलींवरून कधीही उभा करता येतो, त्याची चिंता नसते.

उरले एप्रिल ते ऑगस्टचे निनावी कागद. प्रत्येक फाईलच्या सुरुवातीच्या बाइट्सवरून प्रकार ओळखणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. बऱ्याच तर सिस्टमनं स्वतः बनवलेल्या लघुचित्रांच्या निघाल्या. त्या बाजूला केल्या. राहिले खरे पीडीएफ. ते कुणाचे हे उघडून वाचल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि सातबाऱ्यावरच्या नावावरून कर्जदार ठरवणं धोक्याचं, कारण जमीन बापाची आणि कर्ज मुलाचं असं सर्रास असतं.

तेव्हा काका म्हणाले, "सर, ह्या फोल्डरांवर वेळ आहे न्हवं? मग माझ्या रजिस्टरात बघू की."

त्यांचं आवक रजिस्टर पुराआधी माळ्यावर चढवलेलं होतं. कागद आला की नोंद, आणि नोंद झाली की लगेच स्कॅन, ही त्यांची शिस्त. २०१९/७/२३/११/४२ या फोल्डरातला पीडीएफ म्हणजे २३ जुलैला अकरा बेचाळीसला चढवलेला कागद. रजिस्टरात त्या दिवशीच्या नोंदी क्रमानं होत्या. मी फोल्डर वाचायचो, काका ओळीवर बोट ठेवून खाते क्रमांक सांगायचे, मग आम्ही पीडीएफ उघडून पडताळायचो. चार महिन्यांचे जवळजवळ सगळे कागद असे आपापल्या खात्यात गेले. ज्यांची खात्री पटली नाही ते 'अनिश्चित' म्हणून वेगळे ठेवले आणि कर्जदारांकडून मूळ कागद पुन्हा मागवले.

आता तिथे रात्री आधी पीजी-डंप, म्हणजे पोस्टग्रेसचा डंप, होतो, तो नीट संपला तरच फायलींची प्रत सुरू होते, आणि दोन्ही मिळून सांगलीबाहेर जातात. दर तिमाहीला ती प्रत रिकाम्या मशीनवर चढवली जाते. काका रजिस्टर उघडून मनाला येईल तो खाते क्रमांक सांगतात, आणि ते प्रकरण त्यांच्यासमोर उघडल्याशिवाय बॅकअप झाला अशी सही करत नाहीत.