मिलिमीटर जुळतात, पाऊस जुळत नाही

परवा फोनवर मी अण्णांना म्हटलं, यंदा पाऊस सरासरीइतका दाखवतायत की, तर म्हणाले, "किती झाला ते नको सांगू, कसा झाला ते विचार." गाव आमचं धाराशिव जिल्ह्यात आणि मी पुण्यात बसून अॅपवर मिलिमीटर बघणारा, त्यामुळे गप्प बसलो.

पण मुद्दा त्यांचाच बरोबर आहे. पूर्वी म्हणे झड लागायची, तीन-तीन दिवस बारीक भुरभुर, काळ्या रानात सगळं पाणी मुरायचं, मग दोन दिवस ऊन, वाफसा, खुरपणी. आता वीस-वीस दिवस उघडीप, सोयाबीन माना टाकतं, आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस! मुरणार कधी ते? बांध फोडून माती घेऊनच जातं. वर्षाची बेरीज मात्र जुळते.

यामागचं विज्ञान तसं सोपं आहे, हवा 1 अंशाने तापली की तिच्यात साधारण 7 टक्के जास्त वाफ मावते, शिवाय अरबी समुद्रही तापलाय, म्हणजे वाफेला तोटा नाही, त्यामुळे कोसळतो तेव्हा धो धो कोसळतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या टीमने 2017 मध्ये दाखवलं होतं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. आणि त्याच काळात त्या पट्ट्यातला एकूण मान्सूनचा पाऊस? तो उलट कमी झालाय!!

2025 चंच बघा ना. मुंबईत मान्सून 11 जूनला यायचा तो 26 मेलाच हजर. आमच्याकडेही मे मध्येच रानं भिजली, मशागत तशीच राहिली, आणि सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात. (मृगाचं वाहन बेडूक की म्हैस हे बघणारी आमची आत्यासुद्धा आता पंचांग उघडत नाही.)

अण्णांनी यंदा रानाच्या खालच्या अंगाचा बुजलेला चर जेसीबी लावून उकरून घेतलाय, पाणी बाहेर काढायला. लहानपणी टँकर आला की घागरी घेऊन पळायचो आम्ही, त्याच गावात.