गणपती ऑगस्टात आले आणि सप्टेंबर लाल झाला

८ ऑक्टोबर २०२५, रत्नागिरी

साडेअकरा वाजून गेलेत, पण आजचा विक्रीचा रिव्ह्यू डोक्यातून जात नाहीये. माझ्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्ग, माल म्हणजे साबण, टूथपेस्ट, तेल, बिस्किटं, हाताखाली सहा सेल्समन. मुंबईहून स्क्रीन शेअर झाली आणि माझे दोन्ही जिल्हे लाल, सप्टेंबर गेल्या सप्टेंबरपेक्षा बराच खाली. वरून वाक्य आलं, तुमची पोरं फिरत नाहीत. लागलं मला ते. कुडाळचा पोरगा चतुर्थीच्या दोन दिवस आधीपर्यंत भर पावसात बीट, म्हणजे ठरलेल्या दुकानांची फेरी, करत होता, मी स्वतः त्याच्याबरोबर होतो.

आमच्याकडे वर्षाचा धंदा चाकरमान्यांवर फिरतो. वर्षभर कुलूप असलेली घरं उघडतात, दोन म्हाताऱ्या माणसांच्या घरात पंधरा जण जेवायला बसतात, एरवी पाच-दहा रुपयांची पाकिटं विकणारा दुकानदार मोठे पॅक मागतो आणि हे सगळं चतुर्थीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत भरून ठेवतो. आता २०२३ ला चतुर्थी १९ सप्टेंबरला, २०२४ ला ७ सप्टेंबरला, यंदा २७ ऑगस्टला. म्हणजे हाच माल एका वर्षी सप्टेंबरात धरला गेला, गेल्या वर्षी दोन महिन्यांत वाटला गेला, यंदा अख्खा ऑगस्टात. ऑगस्ट वाढला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या दिल्या, कारण कोणी विचारलं नाही. त्यात ३ सप्टेंबरला जीएसटी कपात जाहीर झाली, आमचा बराचसा माल १८ वरून ५ टक्क्यांवर, लागू २२ पासून. मग मधले अठरा-एकोणीस दिवस जुन्या रेटचा माल कोण उचलणार? कुडाळचे डिस्ट्रिब्युटर मला तेव्हाच म्हणाले होते, "सायबानू, चाकरमानी गेले, आता माल घेतलो कोण? गणपती काय तारीख बघून येतत?"

त्यांचं ते बोलणं धरूनच जेवण झाल्यावर शीट नवीन केली. महिने काढून टाकले, चतुर्थीचा दिवस शून्य धरला, त्याच्या आधीचे तीस दिवस आणि नंतरचे पंधरा, तिन्ही वर्षं एकाखाली एक. घसरण गायब! यंदाची ओळ गेल्या वर्षीच्या किंचित वरच आहे, आणि वाढ खेड्यातल्या दुकानांतून आलीय, जिथे माझी पोरं गेली होती. खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. दहा वर्षं या नोकरीत आहे, वरचा आकडा खाली आणि खालची अडचण वर पोचवायची हेच काम, पण आकडाच चुकीच्या चौकटीत बसवलेला असेल तर तो खाली तसाच सरकवणं म्हणजे पोरांच्या पगाराशी खेळ.

सप्टेंबरचा इन्सेंटिव्ह अडकलाय सहाही जणांचा. दोन महिने एकत्र धरून द्या असा मेल शीटसकट आत्ताच पाठवला. मेलमध्ये हेही लिहिलंय की पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, चतुर्थी १४ सप्टेंबरला जातेय, तेव्हा २०२६ चा ऑगस्ट पडलेला दिसेल, टार्गेट आत्तापासून तसं लावा.

उत्तर कधी येईल माहीत नाही. सकाळी लवकर कुडाळला निघतोय, त्या पोराला ही शीट समोर बसून दाखवायचीय.