खुरासनी ओवा

गणपतीची चवथ दोन दिवसांवर आली होती. फोंड्याच्या बाजारात गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाचे ढीग लागले होते आणि माझ्या दवाखान्यात रुग्ण तुरळक होते. सकाळी दहाच्या सुमारास सावईवेऱ्याहून एका निवृत्त मास्तरांच्या सुनेचा फोन आला. "डॉक्टर, बाबा रात्रभर हवेतलं काहीतरी वेचतायत, मला ओळखत नाहीत, अंग तर तव्यासारखं तापलंय. तुम्ही येऊन जाल का?"

मास्तर ७६ वर्षांचे. त्यांना अल्झायमर असल्याचे निदान झाले होते आणि रुग्णालयातील डॉक्टरांनी चैत्रात त्यांना डोनेपेझिलची गोळी सुरू केली होती. मी आयुर्वेदाचा वैद्य. त्यांच्या सांधेदुखीवर औषध देत असे. त्यांची स्मृती क्षीण होत जाताना मी पाहत आलो होतो, पण या आजारात माणूस एका रात्रीत असा हरवत नाही.

मी नाडीवर बोटे ठेवली आणि तिथेच दचकलो. डोनेपेझिलने मेंदूतील अ‍ॅसिटिलकोलिन, म्हणजे स्मृतीला लागणारे एक रसायन, टिकून राहते आणि त्याच गुणाने नाडी मंदावते. मास्तरांची नाडी एरवी साठीच्या आत असे. त्या दिवशी ती ११८ होती. चेहरा लालबुंद, त्वचा कोरडी, घामाचा टिपूस नाही, जीभ चामड्यासारखी. बॅटरीचा प्रकाश डोळ्यांवर टाकला तरी विस्फारलेल्या बाहुल्या आकसल्या नाहीत. ओटीपोटावर हात ठेवला तर मूत्राशय तट्ट फुगलेले. धोतऱ्याच्या विषबाधेचे हे वर्णन आम्हाला विद्यार्थिदशेतच पाठ झालेले असते.

"बाबांना गोळीखेरीज काय देता?" मी विचारले. तिने आतून स्टीलचा डबा आणला. बाबा रात्री झोपत नाहीत, घरभर फिरतात, म्हणून एका नातेवाइकाने चूर्ण सुचवले होते. तिने काष्ठौषधींच्या दुकानातून जिन्नस आणून मिक्सरवर दळले होते आणि झोप लागेना म्हणून दोन दिवसांपासून मात्रा दुप्पट केली होती. कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेली चिठ्ठी डब्यातच होती: ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी आणि शेवटी "खु. ओवा".

न दळलेले थोडे बी पुडीत उरले होते. मी चिमूटभर तळहातावर घेऊन चुरडले. घरचा ओवा असता तर खोली त्या वासाने भरली असती. याला ओव्याचा वासच नव्हता. भिंगाखाली दाणे चपटे, मूत्रपिंडाच्या आकाराचे, करडे आणि मधाच्या पोळ्यासारखे खाचखळग्यांचे दिसले. पारसीक यवानी, म्हणजेच खुरासनी ओवा, धोतऱ्याच्याच कुळातली. औषध कायद्याच्या अनुसूची 'ई-१' मधील विषारी द्रव्यांच्या यादीत तिचे नाव आहे, आणि ती इथे दुधातून चमच्याने दिली जात होती.

१०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत मी ओली फडकी अंगावरून फिरवत राहिलो. पुडी आणि चिठ्ठी सोबत देऊन मास्तरांना बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पाठवले. तिथे लघवीची नळी घातली, हृदयावर लक्ष ठेवले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला नावाने हाक मारली.

मला जे तीव्रतेने जाणवले ते असे की, मास्तरांच्या मेंदूत दोन औषधे एकमेकांविरुद्ध ओढत होती. खुरासनी ओव्यातील हायोसायमीन आणि स्कोपोलामीन अ‍ॅसिटिलकोलिनची वाट अडवतात. ज्या वृद्धाला तेच आधीच कमी पडते, त्याला हे द्रव्य देणे म्हणजे मिणमिणत्या समईवर पाणी ओतणे. आणि उलट दिशेने काम करणारे पदार्थही वनस्पतींतूनच आले आहेत. अल्झायमरवर वापरले जाणारे गॅलँटामीन स्नोड्रॉप आणि डॅफोडिलच्या कुळात सापडते. रिव्हास्टिग्मीन हे पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार बीमधल्या फायसोस्टिग्मीनच्या धर्तीवर घडवले आहे, आणि ते फायसोस्टिग्मीन अशाच विषबाधेवर उतारा म्हणून ओळखले जाते. त्यामुळे 'झाडपाल्याने अपाय होत नाही' हे वाक्य मी कोणाकडूनही ऐकून घेत नाही.

पुढे एकदा सुनेने कुळागरातल्या, म्हणजे घरच्या पोफळीच्या बागेतल्या, पाटाकाठची 'ब्राह्मी' दाखवायला आणली. ती गोल पानांची मंडूकपर्णी होती. चरकाने सांगितलेल्या चार मेध्य, म्हणजे बुद्धिवर्धक, रसायनांत मंडूकपर्णी येते, पण बॅकोसाइड ही स्मरणाशी जोडली जाणारी द्रव्ये जिच्यात असतात ती जलब्राह्मी निराळी, बारीक मांसल पानांची. जलब्राह्मीने निरोगी वृद्धांच्या स्मरणात थोडी सुधारणा झाल्याचे काही लहान चाचण्यांत दिसले आहे. जडलेला स्मृतिभ्रंश तिने मागे हटतो, असे मी कोणत्याही कुटुंबाला सांगत नाही. गिंको या झाडाच्या पानांच्या अर्काचेही तेच: अमेरिकेत ३,०६९ वृद्धांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली आले आणि त्याने स्मृतिभ्रंश टळत नसल्याचे दिसले. मंडूकपर्णीच्या पानांची चटणी जेवणात राहू द्या, एवढेच मी सुनेला म्हणालो.

झोपेचा प्रश्न मात्र उरला होता. झोप कधीपासून मोडली, हे मी आधी विचारायला हवे होते, ते विचारले तेव्हा ती म्हणाली, "चैत्रापासूनच." डोनेपेझिल रात्री घेतल्याने काहींची झोप उडते आणि स्वप्ने फार पडतात. मी गोमेकॉतील डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, त्यांनी गोळी रात्रीऐवजी सकाळी न्याहारीनंतर द्यायला सांगितली, आणि आठवड्याभरात मास्तर पहाटेपर्यंत झोपू लागले.